चाळिसात तीन

दाणे-बिणे सगळं थोतांड आहे, असं मी आजही म्हणते. तोंडावर म्हणते, आणि कुणी वाद घातला तर भांडतेसुद्धा. फक्त चतुराबाईचं नाव काढू नका. ते नाव निघालं की माझी बोलती बंद होते, आणि माझी बोलती बंद होणं ही काय चीज आहे, ते आमच्या परभणीत कुणालाही विचारा.

तेव्हा मी मानसशास्त्रात एम.ए. करून घरी बसले होते. नामांतरापायी विद्यापीठ कधी उघडं, कधी बंद. निकाल लागला तर गुणपत्रक यायचं नाही, गुणपत्रक आलं तर नोकरीची जाहिरात निघायची नाही. अशात आमच्या बन्सीधर सरांना मदतनीस हवी होती. सर आम्हाला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे आणि स्वतः पीएच.डी. करत होते. माणूस हुशार, पण भलताच घाईचा. त्यांचा विषय असा, की गावोगाव दाणे बघणारे जे लोक आहेत, त्यांना खरंच काही कळतं की नुसता अंदाज असतो.

दाणे बघायची रीत आमच्याकडे साधी आहे. सुपात जोंधळे घ्यायचे, मनात प्रश्न धरायचा, देवाचं नाव घेऊन चिमूटभर दाणे उचलायचे आणि दोन-दोनच्या जोड्या लावायच्या. सगळ्या जोड्या लागल्या तर "जोड", म्हणजे होकार. शेवटी एक दाणा उरला तर "एकट", म्हणजे नकार. बैल सापडेल का, सोयरीक जमेल का, ताप उतरेल का, सगळी दुनियादारी त्या चिमटीत. मला लहानपणापासून या प्रकाराची चीड होती, म्हणून मी सरांना एका पायावर हो म्हटलं.

सरांची चाचणी त्याहून साधी. दोन सारख्या वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली सुपारी ठेवायची. कुठल्या वाटीखाली ते सर दाराआड नाणं उडवून ठरवणार. मी बाहेर त्या माणसासमोर बसणार, मलाही ठाऊक नसणार. त्याने दाणे काढून सांगायचं, उजवी की डावी: जोड आली तर उजवी, एकट आली तर डावी. असं चाळीस वेळा. नुसत्या नशिबावर सोडलं तरी विसाच्या आसपास उत्तरं बरोबर यायचीच. पण कुणी सव्वीस गाठले, तर सर म्हणायचे, हे सार्थक. नशिबाने इतकं घडायचं तर वीस जणांत एखाद्यालाच घडेल.

पाथरीकडच्या लिंबाजीला एकोणीस आले. गंगाखेडच्या कस्तुराबाईला बावीस आले, तर ती इतकी खूश झाली की आम्हाला चहा पाजला आणि शेजारणींना बोलावून सांगितलं. कुणाला अठरा, कुणाला एकवीस. सगळं कसं पुस्तकातल्यासारखं. मी मनात म्हणत होते, बघा लेकहो, उघडे पडलात की नाही!

शेवटी आम्ही जिंतूर तालुक्यातल्या एका डोंगराकडच्या गावात गेलो. माझी धाकटी बहीण नीलम्मा, आमची नीला, तिथेच दिलेली. तिचा नवरा महालिंग किराण्याचं दुकान चालवायचा. घरात सासू सिद्धम्मा, कपाळभर विभूती आणि घरभर आवाज. त्यांच्याच गल्लीत, टोकाच्या खोलीत, चतुराबाई नावाची एकटी म्हातारी राहायची. गाव तिला मानायचं. तिने आमच्यासमोर सूप घेतलं आणि खाली मान घालून चाळीस वेळा दाणे काढले. एकदाही कंटाळली नाही, एकदाही विचारलं नाही की किती बरोबर आले.

बरोबर आले होते तीन.

सर एस.टी.च्या थांब्यापर्यंत हसत होते. "अहो, डोळे झाकून वाटीवर बोट ठेवलं असतं तरी वीस आले असते. आणि गाव हिला मानतं!"

मलाही हसू आलं होतं. पण गाडी सुटली, डोंगर मागे पडला, आणि माझ्या डोक्यात काहीतरी खुपायला लागलं. मी म्हटलं, "सर, तीन बरोबर म्हणजे सदतीस चूक."

"मग?"

"नशिबावर सोडलं तर सदतीस चूक यायला नकोत. तेही विसाच्या आसपासच हवं. इतकं चुकायचं तर आधी बरोबर काय ते माहीत लागतं."

सरांचं हसू मावळलं. ते म्हणाले, आपली चाचणी एकाच बाजूची आहे. बरोबर उत्तरं जास्त आली तर दखल घ्यायची, असं आपण आधी ठरवलंय. निकाल बघून मग प्रश्न बदलायचा नसतो. आणि एवढी माणसं तपासली की त्यात एखादं विचित्र निघणारच.

"विचित्र म्हणजे विसात एक असतं, सर. हे दहा कोटींत एक आहे. दहा कोटी म्हाताऱ्या ओळीने बसवाव्या लागतील."

"मग काय लिहू मी प्रबंधात? की म्हातारीला उलटी विद्या येते?" सर एकदम तापले. "तिला प्रश्नच कळला नव्हता. तिला काढून टाकू." आणि त्यांनी खरंच तिला काढून टाकलं. पुढे पीएच.डी. झाली त्यांची, पेढे वाटले. मी खाल्ला नाही.

त्या चाचणीनंतर महिन्याभराने मी पुन्हा त्या गावी गेले, पण आता बहिणीसाठी. नीलाचे दिवस भरत आले होते. तिचं पहिलं बाळ जन्मतानाच गेलं होतं. आमची आई नाही, म्हणून बाळंतपणाला मीच जायचं ठरलं होतं. जाताना पिशवीत दोन वाट्या टाकल्या. खोटं कशाला बोलू, बहिणीच्या काळजीइतकीच ती उत्सुकताही होती.

एका दुपारी चतुराबाईला आमच्या अंगणात बोलावलं. नीला दाराआड बसून नाणं उडवायची, वाट्या ताटात मांडून हाक मारायची, मग मी ते ताट उचलून बाहेर आणायची. तिला मोठी गंमत वाटत होती. वीस वेळा केलं. वीसच्या वीस चुकले. एकही बरोबर नाही. एक तरी चुकून बरोबर यायला हवा होता हो! नीला आत पोट धरून हसत होती. "अक्का, ह्या आजीनं सांगितलेल्या घरी पोरगी द्यायची न्हाई बघ!"

मला हसू आलं नाही. नीला आत पडायला गेली तेव्हा मी म्हातारीला सरळच विचारलं, "आजी, तुमचं सगळं उलटं येतंय."

"मला ठाव हाय, माय," ती म्हणाली. सुपातले दाणे गोळा करत, अगदी शांतपणे.

"कधीपासून?"

"मालक बाजाराला गेल्ते. सासूनं दाणे काढाय लावले, कवा येतील म्हून. जोड आली. मी म्हनलं, येतील सांजच्याला." मालक त्या सांजेला आले नाहीत, नंतरही कधीच नाहीत.

"मग उलटं सांगत जा की! जोड आली की न्हाई म्हणा."

"केलं की. सालभर तसंच केलं. मग दाणेच फिरले." तिने माझ्याकडे बघितलं. "दाण्यात काय न्हाई, पोरी. माझ्या तोंडातून जे निघतं ते हुत न्हाई, एवढंच हाय."

"आणि तरी लोक येतात तुमच्याकडं?"

"येतात बापडे. मी म्हनलं मरंल आन् जगला, तर देव पावला म्हनतात. मी म्हनलं जगंल आन् मेला, तर तकदीर म्हनतात. हिशेब कोन ठिवायलंय?"

मी ठेवला होता ना. साऱ्या गावात मी एकटीने तो हिशेब ठेवला होता. पण तेव्हाही मी स्वतःला समजावलं, की बाई गं, तू एम.ए. आहेस, वाट्या आणि सुपारीवरून कुणाच्या जगण्यामरण्याचा निष्कर्ष काढायचा नसतो.

मग ओटी भरायचा दिवस आला. नीलाला हिरवी साडी नेसवली, गजरा माळला, बायका जमल्या. सिद्धम्मांनी चतुराबाईला हाताला धरून आणलं आणि सूप पुढे सरकवलं. "विचार आता, माझी सून सुखरूप सुटंल का?"

चतुराबाई नको नको म्हणत होती. गुडघे दुखतात, डोळ्याला दिसत नाही, सगळी कारणं सांगून झाली. सिद्धम्मा काही ऐकणाऱ्या नव्हत्या. शेवटी म्हातारीने चिमूट उचलली. जोड्या लावल्या. एकही दाणा उरला नाही.

"सुखरूप सुटंल," ती म्हणाली. "मायलेकरं दोघं बी जगतील."

बायकांनी हळद-कुंकू उधळलं. सिद्धम्मांनी तिच्या पदरात खोबरं टाकलं. नीला माझ्याकडे बघून हसली. किती दिवसांनी ती अशी मोकळी हसली होती. आणि मी तिथे भिंतीला टेकून उभी. कारण मला ते वाक्य उलटं ऐकू आलं होतं. सगळ्या घरात मला एकटीला. आणि चतुराबाई नीलाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

आता माझी फजिती ऐका. जन्मभर दाण्यांना हसलेली मी, आणि त्या घरात दाण्यांवर पक्का विश्वास असलेली बाई आता मी एकटीच होते. बाकीच्यांचा विश्वास वरवरचा. माझ्याकडे आकडे होते.

मी त्याच संध्याकाळी म्हटलं, नीलाला परभणीच्या दवाखान्यात नेऊ या. सिद्धम्मा म्हणाल्या, "कशाला? सुईण हाय की गावात. आन् चतुराबाईनं सांगितलं न्हाई का आत्ताच?"

"त्यांनी सांगितलं म्हणूनच म्हणतेय, मावशी!"

"म्हंजी?"

काय सांगणार? म्हातारी चांगलं म्हणाली, म्हणून मला वाईटाची खात्री आहे? मी महालिंगला दुकानात गाठलं. वाट्यांचं सांगितलं, सदतीसचं सांगितलं, दहा कोटींचं सांगितलं. तो बिचारा तराजू हातात धरून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "अक्का, तुमी लय शिकल्यात, म्हून असं व्हायलंय. जरा झोप घ्या."

दोन दिवस मी त्या घराला सळो की पळो करून सोडलं. सिद्धम्माशी भांडले, जेवले नाही, महालिंगला नको नको ते बोलले. "तुमचं पहिलं लेकरू याच घरात गेलं," असंही बोलले. ते बोलायला नको होतं, पण लागू पडलं. तिसऱ्या दिवशी त्याने गावातल्या भुजंगची जीप सांगितली. सिद्धम्मा दारात आडव्या झाल्या. "चांगल्या बोलाला अपशकून करायलीस, बाई. लेकराचं काय वाईट झालं तर तुझ्या माथी."

मी म्हटलं, "माझ्या माथी तर माझ्या माथी," आणि नीलाला हाताला धरून जीपमध्ये बसवलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहराच बदलला. वार खाली, अगदी गर्भपिशवीच्या तोंडाशी आली होती. बाहेर येऊन मला हळूच म्हणाल्या, "आणलंत ते बरं केलंत. घरी कळा सुरू झाल्या असत्या तर रक्त थांबलं नसतं. तुमच्या गावाहून इथवर ती पोचली नसती." दुसऱ्या दिवशी सकाळी पोट कापून मुलगी झाली. नीलाला रक्त चढवावं लागलं, महालिंगने दिलं. दोघी जगल्या.

मी त्या व्हरांड्यात बसून ढसाढसा रडले. आणि सांगते तुम्हाला, रडताना माझ्या मनात देव नव्हता, डॉक्टरीण नव्हती. मी म्हणत होते, मी जिंकले. म्हातारीचं बोलणं ओळखलं आणि मी जिंकले.

सव्वा महिन्याने गावी पोरीला पाळण्यात घालायचं ठरलं. मी गेले तर सिद्धम्मा दारातच हसत उभ्या. "बघ बाई, चतुराबाईचं बोलणं! सुखरूप सुटंल म्हनली, तसंच झालं का न्हाई? तू उगं जिवाला घोर लावून घेतलीस." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण महालिंग हात जोडून उभा होता, म्हणून तशीच आत गेले.

चतुराबाई कोपऱ्यात बसली होती. महिन्याभरात ती अर्धी झाली होती. मी जवळ गेल्याबरोबर तिने माझं मनगट घट्ट धरलं. "जगल्या म्हनं दोघी?"

"हो, आजी."

"मी बोलले तसं झालं?"

"हो."

"तू काय केलंस गं माय?" असं तिने विचारलं, आणि माझं मनगट सोडेना. मला वाटलं म्हातारीला आनंद झालाय.

पाळणा झाला. नाव ठेवून झालं. आणि मग ज्याची मला धास्ती होती तेच झालं. सिद्धम्मांनी सूप आणून तिच्यापुढे ठेवलं. "आता नातीचं सांग. लय आयुष्य हाय का न्हाई माझ्या नातीला?"

"मला नका विचारू," चतुराबाई म्हणाली.

"तुझंच बोलणं खरं झालं आन् तूच नको म्हन्तीस? उचल."

मी म्हटलं, "मावशी, राहू द्या." कुणी ऐकलं नाही. बायका पुढे सरकल्या. नीला पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, कौतुकाने वाट बघत. मी चतुराबाईच्या डोळ्यांत बघितलं आणि मनातल्या मनात पदर पसरला. नाही म्हणा, आजी. जगणार नाही म्हणा. पाया पडते तुमच्या, चांगलं काही बोलू नका.

तिने चिमूट उचलली. जोड्या लावल्या नाहीत. मूठ तशीच मिटून धरली, पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई जगायची."

एकदम गलका झाला. नीलाने किंचाळून पोरीला छातीशी धरलं. सिद्धम्मांनी सूप उलथून टाकलं, नाही नाही त्या शिव्या दिल्या, दंडाला धरून म्हातारीला उठवलं आणि उंबऱ्याबाहेर ढकललं. बायका बोटं मोडत होत्या. "भरल्या घरात असं बोलवतं तरी कसं, सटवे!" आणि मी? मला हसू फुटत होतं हो. एवढ्या रडारडीत मला सुटल्यासारखं वाटत होतं. म्हातारीने माझं ऐकलं होतं. साऱ्या गावातली इज्जत तिने माझ्या भाचीवरून ओवाळून टाकली होती.

मी तिच्या मागे धावले. गल्लीच्या वळणावर तिला गाठलं आणि चारचौघांत, मातीत वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मी, जी कधी देवळात वाकले नव्हते. "आजी, फार उपकार झाले. पोर जगली आता. तुमचं बोलणं उलटंच होतं."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. भिंतीचा आधार घेत तशीच उभी राहिली. धाप लागली होती तिला.

"मी बी तेच धरून बोलले गं, माय," ती म्हणाली. "पर बोलून गेल्यावर ध्यानात आलं. नीलाचं मी बोलले तसंच झालं की."

मी वर बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला माझ्याकडे बघवत नव्हतं.

"तूच केलंस न्हवं ते?" एवढं बोलून ती भिंत धरत धरत आपल्या खोलीकडे गेली.

वाट्यांतले ते तीन सोडले तर सगळे चुकलेले, आणि आता हे एक बरोबर. एकावरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक होतं. पोरीबद्दलचं बोलणं आता कुठल्या बाजूला पडेल, हेही एकावरून सांगता येत नाही. मी घरात आले. नीला रडून थकली होती. मी तिच्या मांडीवरून पोरीला उचललं, आतल्या खोलीत नेलं, आणि तिच्या छातीवर तळवा ठेवून बसले. श्वास चालू होता. मी हात काढला नाही.